जुने रेसलिंग बेल्ट खोल दिसतात, नवे सपाट. फरक घडणीत आहे की डिझाइनमध्ये?

तिसरी_रांग

प्रोफेशनल रेसलिंगच्या चॅम्पियनशिप बेल्टांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे. एनडब्ल्यूए या अमेरिकन प्रमोटरांच्या संघटनेचा १९७३ चा 'टेन पाउंड्स ऑफ गोल्ड', १९८६ चा 'बिग गोल्ड', डब्ल्यूडब्ल्यूएफचा (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) १९८८ चा 'विंग्ड ईगल' आणि २०१३ नंतरचे मोठ्या डब्ल्यूचे बेल्ट, असे चार फोटो शेजारी ठेवले तर ही एकाच परंपरेतली मंडळी वाटत नाहीत. पहिल्यात मधला पृथ्वीचा गोल अक्षरशः फुगून वर आलाय. दुसऱ्यात दागिन्यासारखी वेलबुट्टी. तिसऱ्यात काळ्यावर सोनेरी रेघा. चौथ्यात सगळा भर एका अक्षरावर.

हा नुसता आवडीनिवडीचा बदल, की बनवायची पद्धतच बदलत गेली? मुळात कुस्तीत बेल्ट आला कुठून? आणि एक व्यवहारी प्रश्न: रेप्लिका बेल्टांत प्लेटा खुळखुळणं, काळा रंग टवका उडून निघणं, पट्ट्याला लाटा येणं या तक्रारी सगळीकडे सारख्याच दिसतात. त्यांची कारणं काय?

---

रिंगसाइड_नोंदी

आधी पद्धत बदलली, मग तिच्यामागून आवड बदलली. हा क्रम धरला की चारही फोटो सरळ लागतात.

पण सुरुवात मुष्टियुद्धापासून करायला हवी, कारण कुस्तीने बेल्ट तिथूनच उचलला. १८१० मध्ये टॉम क्रिबने टॉम मोलिनोला हरवलं, तेव्हा तिसऱ्या जॉर्ज राजाने त्याला सिंहाच्या कातड्याचा, चांदी जडवलेला पट्टा दिला असं परंपरा सांगते. पुढे अमेरिकेत १८८७ मध्ये 'पोलीस गॅझेट'चा मालक रिचर्ड फॉक्स याने जेक किलरेनला बेल्ट देऊन चॅम्पियन जाहीर केलं. त्यावर बॉस्टनकरांनी आपल्या जॉन एल. सुलिव्हनला ३९७ हिऱ्यांचा सोन्याचा बेल्ट करून दिला, आणि याच्यापुढे फॉक्सचा बेल्ट म्हणजे कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा, असं सुलिव्हन म्हणाला. १९०९ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने लॉन्सडेल बेल्ट सुरू केला. बक्षिसाची शिस्तशीर पद्धत म्हणून बेल्ट रुजला तो तिथे.

यातली मेख अशी की बेल्ट कोण देतो त्यावर त्याचं वजन ठरतं. कधी राजा, कधी साप्ताहिक, कधी क्लब. १९१० साली लंडनमध्ये गामाला मिळाला तो 'जॉन बुल' बेल्टही एका साप्ताहिकाच्या नावाचा. १० सप्टेंबरला पोलिश मल्ल झबिस्कोविरुद्धची कुस्ती जवळजवळ तीन तास चालून बरोबरीत सुटली, १७ तारखेच्या फेरलढतीला झबिस्को आलाच नाही आणि बेल्ट गामाला मिळाला. पदकांच्या जगात वाढलेल्या लोकांना हे विचित्र वाटेल, पण तेव्हा सगळ्या जगाला मान्य अशी एकच संस्था नव्हती. ती जागा कमरेला बांधलेला धातू भरून काढत होता.

एनडब्ल्यूए स्थापन झाली १९४८ मध्ये, आयोवातल्या वॉटरलू गावी. वेगवेगळ्या प्रदेशांचे प्रमोटर, पण जागतिक विजेता एकच, आणि तो सगळ्यांच्या प्रदेशांत फिरणार. तेव्हा बेल्ट हे त्या माणसाचं ओळखपत्र होतं. २० जुलै १९७३ ला ह्यूस्टनमध्ये जॅक ब्रिस्कोने हार्ली रेसला हरवलं त्या दिवशी घुमटी गोलाचा बेल्ट पुढे आला आणि १९८६ पर्यंत तोच फिरला. त्याच्या मुख्य प्लेटवर गोल आणि झेंडे आहेत ते उगीच नाहीत. हा माणूस देशोदेशी लढतो, हे शब्दांशिवाय सांगायचं होतं.

१४ फेब्रुवारी १९८६ ला ऑर्लँडोमध्ये रिक फ्लेअर बॅरी विंडहॅमविरुद्ध उतरला तो 'बिग गोल्ड' घेऊन. एनडब्ल्यूएतला प्रमोटर जिम क्रॉकेट याच्या कंपनीने तो नेवाडातल्या रीनो इथल्या चार्ल्स क्रमराइन या चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडून घडवून घेतला. त्याच्या कारखान्याचं नेहमीचं काम रोडिओच्या बक्षिसाची बकलं. हे कळलं की बेल्टाचं सगळं रूप उलगडतं. वळणदार पानांची वेलबुट्टी, वेगळे तुकडे वर बसवून आणलेला उठाव, ही काउबॉय बकलाचीच भाषा आहे, फक्त हातभर मोठी केलेली.

त्या प्लेटवर 'वर्ल्ड हेवीवेट रेसलिंग चॅम्पियन' एवढंच आहे. कंपनीचं नाव नाही. म्हणूनच तो एनडब्ल्यूएत शोभला, डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीत शोभला, आणि २ सप्टेंबर २००२ ला डब्ल्यूडब्ल्यूईत एरिक बिशॉफने तो ट्रिपल एच या मल्लाच्या हाती दिला तेव्हा तिथेही शोभला. डब्ल्यूडब्ल्यूईचा लोगो त्यावर नंतर चढला. १९९१ मध्ये याच गुणाने घोळही केला. चॅम्पियनने बेल्टापोटी २५,००० डॉलर अनामत ठेवायची रीत होती. फ्लेअरला डब्ल्यूसीडब्ल्यूने काढलं, अनामत परत मिळाली नाही, आणि तो बेल्ट घेऊनच प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गेला. कोर्टकचेरी सुरू झाल्यावर टीव्हीवर त्याच्या हातातला बेल्ट धूसर करून दाखवावा लागला.

प्लेटा कशा बनतात ते जस्तपत्रा जास्त नेमकं सांगतील.

---

जस्तपत्रा

सांगतो. मुख्य पद्धती चार: हाताने कोरणं, ओतकाम, आम्लाने खाणं, आणि सीएनसीने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने, कापणं. ज्याला लोक 'क्लासिक बेल्ट' म्हणतात त्यातले बहुतेक तिसऱ्या पद्धतीचे. म्हणजे छापखान्यात चित्रं छापायचे जस्ताचे ब्लॉक बनायचे तीच रीत. विंग्ड ईगल बनवणारे रेजी पार्क्स स्वतः मल्ल होते आणि 'किंग ऑफ बेल्ट्स' म्हणून ओळखले जात. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेले डेव्ह मिलिकन यांनी तेच घराणं पुढे चालवलं.

ब्लॉकची रीत अशी. चित्र निव्वळ काळ्या-पांढऱ्यात काढायचं, मधली करडी छटा चालत नाही. त्याची फिल्म काढायची. पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील लेप द्यायचा, फिल्म ठेवून अतिनील प्रकाश द्यायचा, न घट्टावलेला लेप धुऊन टाकायचा. उघडा पडलेला धातू आम्ल खातं, लेपाखालचा शाबूत राहतो. जस्ताला सौम्य नायट्रिक आम्ल, पितळ-तांब्याला फेरिक क्लोराइड. नायट्रिकचे तपकिरी धूर विषारी असतात. छापखान्यातले लोक हे काम बंदिस्त यंत्रात करायचे, उघड्या ट्रेमध्ये नव्हे. घरी करायचं असेल तर पितळ आणि फेरिक क्लोराइडच घ्यावं.

आता या रीतीची मर्यादा बघा, कारण तीच पुढे शैली झाली. आम्ल सरळ खाली जात नाही, बाजूलाही सरकतं. खाली जितकं खाईल त्याच्या निम्म्याच्या आसपास दोन्ही कडांनी आत शिरतं. म्हणजे १ मिमी खोली हवी असेल तर १ मिमी रुंदीची उभारलेली रेघ जवळजवळ नाहीशीच होईल. म्हणून चित्रातच रेघा जाड ठेवाव्या लागतात. गरुडाची पिसं बारीक न काढता ठसठशीत चार-चार पट्ट्यांत काढावी लागतात, अक्षरांचे टोकदार कोपरे थोडे बाहेर ओढून ठेवावे लागतात. शिवाय पातळ्या दोनच मिळतात, वरची सपाट आणि खालची सपाट. तिसरी हवी तर पुन्हा लेप, पुन्हा फिल्म, पुन्हा आम्ल, आणि दुसरी फिल्म अर्धा मिमी जरी सरकली तरी दुहेरी कडा दिसते.

दोनच पातळ्या असल्यावर उठाव दिसणार कसा? खालच्या पातळीत काळा रंग भरून. विंग्ड ईगलचा तो काळा-सोनेरी ठसका इथून आला. सावली नाही म्हणून रंगाने सावली पाडली. घुमटी गोलाच्या बेल्टात उलटं आहे. तिथे गोलच फुगवून वर आणला, त्यामुळे रिंगवरचे दिवे त्याच्यावर फिरतात आणि बेल्ट हलला की चकाकी सरकते. सपाट प्लेट एकाच कोनात चमकते, बाकी वेळ मंद राहते. तिसऱ्या रांगेतून जो 'खोल' वाटतो तो फरक हाच.

वाकवणं. प्लेट पोटाच्या गोलाईला वाकवावी लागते, आणि हे आम्लानंतर पण मुलाम्याआधी. मुख्य प्लेट २८ सेंमी रुंद असेल तर मध्य कडांपेक्षा साधारण २ सेंमी वर येईल इतकी कमान पुरते. हिशेबाने ती ५० सेंमी त्रिज्येची होते. बहुतेक चुका इथेच होतात. आम्लाने खाल्लेली जागा पातळ असते, त्यामुळे वाकताना प्लेट सलग गोल न होता लांब रेघेवर मोडते आणि मधोमध भांग पडल्यासारखी उभी घडी दिसते. उपाय म्हणजे लाकडी साच्यावर, वर जाड रबर ठेवून, थोडं थोडं दाबत जायचं. जस्त असेल तर १०० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करून. साध्या तापमानाला जस्त ठिसूळ असतं, या पट्ट्यात मऊ येतं, आणि २०० च्या वर गेलं की पुन्हा ठिसूळ होतं. 'अजून जरा तापवू' म्हणणाऱ्याची प्लेट हमखास तडकते.

मुलामा. सोनं थेट जस्तावर चढवायचं नसतं. आम्लयुक्त कॉपर किंवा निकेलच्या द्रावणात जस्त स्वतःच विरघळायला लागतं, फोड येतात. म्हणून आधी अल्कधर्मी सायनाइड कॉपरचा पातळ थर, मग जाड कॉपर, त्यावर निकेल, शेवटी सोनं. निकेलचा थर गाळला तर तांबं हळूहळू सोन्यात झिरपतं आणि बेल्ट लालसर-मळकट पडतो. हे काम सायनाइडचं आहे, ते परवानाधारक प्लेटिंगवाल्याकडेच द्यायचं. सोन्याची जाडी विचारून घ्या. ०.१ ते ०.२ मायक्रॉनचा 'फ्लॅश' काचेच्या कपाटापुरता ठीक, हाताळायच्या बेल्टाला निदान ०.५ हवा, आणि २.५ मायक्रॉन असेल तर तो दणकट म्हणायचा.

दोन रंगी प्लेट म्हणजे पार्श्वभूमी निकेलची पांढरी आणि अक्षरं सोनेरी. त्यासाठी पार्श्वभूमीवर लाख लावून झाकतात, सोनं चढवतात, मग लाख काढतात. कडा फरफटलेली दिसली तर समजा लाख नीट वाळू दिली नव्हती.

रंग. टवके उडण्याचं कारण रंगात कमी आणि पृष्ठभागात जास्त असतं. आरशासारख्या निकेलवर एनॅमल धरतच नाही. म्हणून जुन्या प्लेटांत खालची पातळी गुळगुळीत न ठेवता बारीक ठिपक्यांची खरबरीत ठेवायचे. दिसायलाही छान आणि रंगाला पकडही मिळते. रेप्लिकात तो भाग तकतकीत असेल तर रंग निघणारच. दुरुस्ती करताना सैल टवके लाकडी काडीने काढा, एसिटोनने फक्त खळगा पुसा (कापसाचा बोळा वरच्या सोन्यावर घासू नका), बारीक काचतंतूच्या पेनने तळ खरबरीत करा आणि दोन भागांचा एपॉक्सी एनॅमल सुईने भरा. खळग्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंतच. काठोकाठ भरला की तो वर फुगून वाळतो आणि पहिल्याच घासण्यात तुटतो.

---

तिसरी_रांग

हे फार कामाचं आहे, आभार. एक विचारतो: जस्त की पितळ, यात वजनाचा फरक किती? 'टेन पाउंड्स' म्हणजे साडेचार किलो. ते खरं वाटतं का? आणि पट्ट्याबद्दल अजून कुणी बोललं नाही.

---

जस्तपत्रा

वजन हिशेबाने काढता येतं. ४ मिमी जाडीची, ४८० चौ. सेंमी क्षेत्रफळाची मुख्य प्लेट म्हणजे १९२ घन सेंमी. जस्ताची घनता ७.१, तेव्हा १.३६ किलो, पितळेची ८.५ धरली तर १.६३. बाजूच्या चार प्लेटा, प्रत्येकी ७० चौ. सेंमी आणि ३ मिमी, मिळून जस्तात ६०० ग्रॅम, पितळेत ७०० च्या वर. आम्लाने खाल्लेला भाग वजा जातो. कातडं एक किलोच्या आसपास. म्हणजे साधारण तीन ते साडेतीन किलो. साडेचार गाठायचे तर प्लेटा जाड हव्यात किंवा घुमटासारखे वेगळे तुकडे वर हवेत. टोपणनावातला आकडा अशक्य मुळीच नाही.

पितळ महाग आणि वाकवायला जोर लागतो, पण ठिसूळपणा नाही आणि दुरुस्ती सोपी. खूप हाताळला जाणारा बेल्ट असेल तर मी पितळच म्हणेन.

---

चामडं_आणि_टाका

पट्ट्याकडे येतो. लोक प्लेटांवर जीव टाकतात आणि पट्टा शेवटी उरेल त्यात उरकतात. खरं तर बेल्ट खराब होतो तो आधी पट्ट्यातून.

कातडं वनस्पती-कमावणीचं, फुल ग्रेन घ्या. क्रोम-कमावणीचं मऊ असतं पण त्यावर नक्षीचा ठसा टिकत नाही आणि प्लेटच्या वजनाने ते कमरेखाली लोंबतं. जाडी औंसात सांगतात. १ औंस म्हणजे १/६४ इंच, सुमारे ०.४ मिमी. समोरचा थर ८ ते ९ औंस, म्हणजे ३.२ ते ३.६ मिमी, आतला ४ ते ५ औंस, म्हणजे १.६ ते २ मिमी. लांबी साधारण ५० ते ५२ इंच. मुख्य प्लेटच्या जागी रुंदी प्लेटपेक्षा दोन्ही बाजूंनी निदान पाऊण इंच जास्त, टोकांकडे ४ ते ५ इंच.

नक्षी उठवायची तर कातडं ओलं करून, पुन्हा मूळ रंग परतू लागेल इतपत सुकू द्यायचं आणि मग स्विव्हल (फिरत्या पात्याच्या) चाकूने रेघ, बेव्हेलर या ठोकायच्या ठशाने कड. जास्त ओल्यावर मारलं की ठसा परत भरून येतो. जास्त कोरड्यावर कड फाटते.

तुम्ही विचारलेल्या लाटांचं कारण इथे आहे. दोन थर टेबलावर सपाट ठेवून चिकटवले आणि मग कमरेला गुंडाळले, तर आतल्या थराला जागा कमी पडते. दोन थरांच्या मध्यरेषांत २.५ मिमी अंतर असलं तरी पूर्ण वेढ्याला सुमारे १६ मिमी फरक पडतो. तेवढं जास्तीचं कातडं कुठे जाणार? सुरकुत्या होऊन आत साचतं, किंवा बाहेरच्या थराला ताणून टाक्यांपाशी चिरतं. म्हणून चिकटवतानाच पट्टा पिंपावर किंवा गोल साच्यावर वाकवून धरायचा, आतला थर मधोमधून टोकांकडे बसवत जायचा आणि जास्तीचं शेवटी कापायचं. टाका मेण लावलेल्या दोऱ्याने, इंचाला ५ ते ६. काही कारागीर शिवणीऐवजी कडेने वादी विणतात. ते देखणं दिसतं, पण वादी एका जागी तुटली की हळूहळू सगळी सुटते.

टिचबटणं दोन रांगांत, जाड कातड्याची 'लाइन २४' जातीची. बटणाची दांडी कातड्याबाहेर निदान २ मिमी डोकावली पाहिजे. तेवढी नसेल तर ठोकल्यावर ती नीट फुलत नाही आणि पहिल्या हिसक्याला बटण निघून येतं. कातडं जाड असेल तर त्या जागी मागून छिलून घ्या. ठोकून बसवू नका.

प्लेटा खुळखुळण्याचं कारण बहुतेक वेळा शिकागो स्क्रू, म्हणजे नळी आणि स्क्रू अशा दोन तुकड्यांचा. नळीची लांबी प्लेट अधिक कातडं यांच्या जाडीपेक्षा अर्धा मिमी कमी हवी, तरच आवळताना कातडं दाबलं जातं. रेप्लिकात एकाच मापाच्या नळ्या सगळीकडे वापरतात. कातडं वर्षभरात दबतं आणि नळी लांब ठरते. स्क्रू पूर्ण आवळलेला असतो तरी प्लेट हलते. अशा वेळी अजून आवळून आटे घालवू नका. मागच्या बाजूने कातड्याची पातळ चकती घाला, किंवा आखूड नळी बसवा. आट्यांना निळ्या जातीचं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब पुरे. लाल जातीचं लावलं तर उघडायला तापवावं लागेल, आणि त्यात रंग जाईल.

आणि भोकं रंगकाम झाल्यावरच पाडा. ओलं होऊन सुकताना कातडं आकसतं. आधी पाडलेली भोकं प्लेटच्या भोकांशी जुळत नाहीत, मग लोक ती मोठी करतात आणि प्लेट कायमची ढिली राहते.

---

कॉर्नर_पॅड

वरच्या माहितीशी सहमत, पण 'नवे सपाट' यात थोडा अन्याय आहे असं वाटतं.

२००५ च्या एप्रिलमध्ये जॉन सीनाने आणलेला स्पिनर बेल्ट घ्या. त्यावर टीका भरपूर झाली, पण घडणीच्या दृष्टीने ती नवी गोष्ट होती. मधला लोगो वेगळा तुकडा, धुरीवर फिरणारा. त्यातून तोटे आले ते यंत्राचे: धुरी सैल झाली की लोगो तिरका थांबतो आणि कॅमेऱ्यासमोर डब्ल्यू कलंडलेला दिसतो. पुढे तो फिरणं बंद करून पक्का बसवला गेला. मग द मिझने तोच उलटा लावून डब्ल्यूचा एम केला. एका अक्षराचा लोगो असल्यावर असा खेळ करता येतो, गरुडाशी येत नाही. हा बेल्ट १८ फेब्रुवारी २०१३ पर्यंत टिकला. त्या दिवशी द रॉकने पुढचा समोर आणला.

मोठ्या लोगोमागे एक सरळ कारण दिसतं. विंग्ड ईगलवरची अक्षरं जवळून सुंदर आहेत, पण बोटभर रुंदीच्या मोबाइलच्या पडद्यावर ती सोनेरी पट्टी होऊन जातात. डब्ल्यू मात्र तिथेही डब्ल्यूच दिसतो. १९७३ च्या माणसाला सभागृहातल्या शेवटच्या रांगेचा विचार करायचा होता, आजच्याला पडद्याचा. सीएनसी आल्यावर तीन-चार पातळ्या, तिरक्या कडा, वेगळे जोडलेले तुकडे सगळं शक्य झालंय. खोली आहे, फक्त ती एकाच चिन्हावर खर्च होते.

---

रिंगसाइड_नोंदी

मुद्दा बरोबर, तरी माझं मत वेगळं आहे. दुरून ओळखू यायला अक्षर लागतच नाही, बाह्याकृती पुरते. बिग गोल्डची रुंद, वर टोक काढलेली प्लेट आणि विंग्ड ईगलची पंख पसरलेली कड, दोन्ही पूर्ण काळ्या सावलीत दाखवली तरी कुणीही नाव सांगेल. गेल्या वीसेक वर्षांतल्या अनेक बेल्टांची सावली एकमेकांत मिसळते, कारण बाह्याकृती तीच ठेवून फक्त पट्ट्याचा रंग बदलतात. २१ ऑगस्ट २०१६ ला डब्ल्यूडब्ल्यूईच्या समरस्लॅम या कार्यक्रमात लाल पट्ट्याचा युनिव्हर्सल बेल्ट दाखवला तेव्हा प्रेक्षकांनी सामना चालू असताना बेल्टावरच नाराजी काढली. चूक लाल रंगाची नव्हती. अल्टिमेट वॉरियरने १९९० मध्ये रंगीत पट्टे मिरवले आणि ते लोकांना आवडले, कारण प्लेट स्वतःची होती. कोडी ऱ्होड्सने २ ऑक्टोबर २०११ ला इंटरकॉन्टिनेंटल या डब्ल्यूडब्ल्यूईच्या दुसऱ्या किताबाच्या बेल्टाचा जुना नमुना पांढऱ्या पट्ट्यावर परत आणला, त्याचंही स्वागतच झालं.

उलट टोकाचं उदाहरण द्यायचं तर डॅनियल ब्रायनचा २०१९ चा बेल्ट. २९ जानेवारीला त्याने कातड्याचा बेल्ट कचऱ्यात टाकला आणि हेम्प व ओक लाकडाचा आणला. आकृती नेहमीचीच, साहित्य बदललं, आणि एका नजरेत कळलं की हा माणूस काय म्हणतोय. ७ एप्रिलला कोफी किंग्स्टन जिंकेपर्यंत तो राहिला. डिझाइन म्हणून मला तो फार प्रामाणिक वाटतो.

खड्यांबद्दलही एक. टेड डिबिआसीचा १९८९ चा मिलियन डॉलर बेल्ट अमेरिकेतल्या ग्रिनिचच्या बेटरिज सराफांनी घडवला. त्यातले चमकते खडे बहुतांशी क्युबिक झिर्कोनिया, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम खडे. सराफाच्या हातचा असल्याने तो बेल्टपेक्षा दागिना वाटतो. प्रत्येक काळात बेल्ट ज्या हाताखालून गेला त्या धंद्याची खूण त्याच्यावर राहिली आहे: बकलवाला, ब्लॉकवाला, सराफ.

---

चामडं_आणि_टाका

खड्यांचा विषय निघाला म्हणून: रेप्लिकातले खडे गोंदाने चिकटवलेले असतात. कुठलीही प्लेट नंतर 'जरा आणखी गोल करू' म्हणून वाकवली की खळग्याचं तोंड उघडतं आणि खडे सुटतात, मुलाम्याला केसासारख्या चिरा जातात त्या वेगळ्याच. मुलामा चढलेली प्लेट कधीही वाकवू नका. पट्टा तिच्या मापाने बसवा.

आणि ठेवण्याबद्दल. पितळ कातड्याला लागून राहिलं की कळकतं. वनस्पती-कमावणीच्या कातड्यातले आम्ल आणि घामातलं मीठ मिळून प्लेटच्या मागे हिरवट थर धरतात, तो कडेने बाहेर येतो आणि लोकांना वाटतं सोनं खराब झालं. वर्षातून एकदा स्क्रू काढून प्लेटची मागची बाजू पुसा, तिथे पारदर्शक लॅकरचा एक हात द्या. पुढच्या बाजूला पितळ घासायची पेस्ट अजिबात नको, अर्ध्या मायक्रॉनचं सोनं त्या पेस्टने दोन-तीन वेळांत निघून जातं. किंचित ओलं मायक्रोफायबर, लगेच कोरडं. बेल्ट खुंटीला टांगला तर वरच्या भोकांवर सगळं वजन येऊन ती लांबट होतात. तो आडवा ठेवा, आतून कापडाची सुरळी देऊन कमान राखा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. ओल आत कोंडली की टिचबटणं आधी गंजतात.

---

तिसरी_रांग

खुळखुळण्याचं कारण आणि लाटांचं गणित दोन्ही लख्ख कळलं. एक शेवटचं: मागच्या बाजूला डाग देऊन बसवलेले स्टड चांगले, की समोरून आरपार स्क्रू?

---

जस्तपत्रा

आरपार. डाग दिलेला स्टड समोरून दिसत नाही हे खरं, पण प्लेट आपटली की सगळा हिसका त्या एका जोडावर येतो आणि तो तुटतो. पुन्हा डाग द्यायचा तर उष्णतेने समोरचा रंग करपतो आणि मुलामा काळवंडतो. आरपार स्क्रूची डोकी चित्रातच सामावून घ्या, ताऱ्याच्या मध्यावर किंवा कडेच्या मण्यांच्या रांगेत. मुख्य प्लेटला सहा, बाजूच्या प्लेटला दोन-दोन. भोकं कडेपासून निदान ६ मिमी आत, आणि ती आम्लात टाकण्याआधी फक्त खुणेपुरती ठिपक्याने दाखवा. पूर्ण भोक आधी पाडलं तर आम्ल त्याच्या कडा खाऊन ते लंबगोल करतं.